एंटर न दाबलेली चाळीस मिनिटं

दुपारी दीडच्या सुमारास आमच्या मजल्यावर एक वाक्य हमखास ऐकू यायचं: "गेलं माझं सेशन." आधी एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या. माणसं डबा खाऊन जागेवर आलेली असायची. पडद्यावर प्रोग्रॅम जसाच्या तसा दिसायचा, कर्सर लुकलुकत असायचा. एंटर दाबलं की तळाच्या ओळीत घड्याळाचं चिन्ह उमटायचं, कीबोर्ड लॉक व्हायचा, आणि थोड्या वेळाने एम्युलेटर (पीसीवरून कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे मेनफ्रेमवर, काम करू देणारा प्रोग्रॅम) सांगायचा की कनेक्शन तुटलं. पुन्हा लॉगऑन करायला जावं तर मेनफ्रेम दारातच अडवायचा: 'लॉगऑन रिजेक्टेड, युजरआयडी इन यूज'. म्हणजे तुम्ही आतच आहात, मग दुसऱ्यांदा कसे येता?

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, पुण्यात हिंजवडीच्या एका ऑफिसातली. मेनफ्रेम होता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, एका विमा कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. आमची साठेक माणसांची टीम त्यावरचे कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम सांभाळायची आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामांवर, म्हणजे बॅच जॉबवर, लक्ष ठेवायची. त्यांची रात्र म्हणजे आमचा दिवस. आमच्या दुपारच्या एकला तिथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्यामुळे सेशन अडकलं की तिथल्या रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोन करायचा, आपला आयडी सांगायचा, आणि त्याने कन्सोलवरून 'सी यू=' लिहून पुढे तो आयडी टाकून सेशन मारायचं. दिवसाला आठ-दहा फोन. तो बिचारा कधी कुरकुरला नाही, पण असं मारलेलं सेशन परत जोडून घेता येत नाही. एडिटमध्ये जे उघडं होतं ते तिथेच संपतं.

कोण काय म्हणालं

तक्रार तीन ठिकाणी गेली आणि तिन्ही ठिकाणांहून परत आली.

मेनफ्रेमच्या सिस्टिम प्रोग्रॅमरने लॉग काढून पाठवला. त्यात आमच्या आयडींवर एस५२२ ॲबेंड, म्हणजे सेशन मध्येच बंद पाडल्याच्या नोंदी, होते. टीएसओमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवर माणसं ज्यातून काम करतात त्या सोयीत, लॉगइन होऊन कोणी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काही न करता बसलं, तर सिस्टिम त्याला या कोडने बाहेर काढते. तिथे ही मर्यादा एक तासाची होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: तुमची माणसं जेवायला जातात, तास उलटतो, सिस्टिम आपलं काम करते. जाताना लॉगऑफ करा.

डेस्कटॉप सपोर्टने एम्युलेटर नव्याने टाकून दिला. काही फरक पडला नाही.

नेटवर्कच्या माणसाने पुण्यापासून अमेरिकेपर्यंतच्या व्हीपीएनचे, म्हणजे सुरक्षित खासगी वाटेचे, आलेख दाखवले. टनेल महिनाभर एकदाही पडलेला नव्हता. मग त्याने जो प्रश्न विचारला, त्यानेच पुढे सगळं उलगडलं, जरी त्याने तो आमच्या तक्रारीच्या विरोधात विचारला होता: "तुम्ही म्हणता लोक काम करत असतानाही सेशन जातं. काम करताना टायपिंग होतंच ना? टायपिंग झालं की पॅकेट जाणारच. मग लाइन रिकामी कशी?"

तक्रारींमध्ये जेवणाच्या सुट्टीशी संबंध नसलेल्याही काही होत्या, आणि त्यातल्या सगळ्यात जास्त एकाच व्यक्तीच्या होत्या. टीममध्ये सगळे त्यांना ताई म्हणत. पंचवीस वर्षं कोबोल लिहिलेल्या. प्रिमियम हिशोबाचा जो प्रोग्रॅम कोणी हातात घ्यायला धजत नसे, तो त्यांच्याकडे असायचा. त्या शपथेवर सांगत होत्या की मी जागेवरून हललेसुद्धा नव्हते, लिहीत होते. त्यांच्यावर विश्वास न ठेवणं म्हणजे तपास तिथेच संपवणं होतं.

वेळा जुळवून बघितल्यावर

मी ताईंच्या एका दिवसाच्या वेळा कागदावर मांडल्या. शेवटचं एंटर १२:४८. सेशन गोठलेलं लक्षात आलं १:३४. पुन्हा लॉगऑन केलं, 'इन यूज' म्हणून नकार आला १:३७. सिस्टिम लॉगमधला एस५२२ होता १:४८ चा.

म्हणजे ॲबेंड सेशन गोठल्यानंतर चौदा मिनिटांनी झाला. तो कारण असूच शकत नव्हता. आणि 'इन यूज' हा संदेश, ज्याच्यावर आम्ही सगळे चिडायचो, तोच खरा साक्षीदार निघाला. १:३७ ला मेनफ्रेमला वाटत होतं की ताई अजून जोडलेल्या आहेत. त्याने त्यांना बाहेर काढलंच नव्हतं. ताईंचा पीसी म्हणत होता मी जोडलेला आहे, मेनफ्रेम म्हणत होता ताई जोडलेल्या आहेत, आणि मधली वाट मात्र बंद. अशा कनेक्शनला अर्धं उघडं म्हणतात. दोन्ही टोकांना पत्ताच नसतो, कारण कोणीतरी बोलल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

दुसरी खूण सपोर्टच्या मुलांकडून मिळाली. बॅच जॉबवर लक्ष ठेवणाऱ्यांची सेशन जवळजवळ कधीच जात नसत. ते एसडीएसएफ या जॉबची स्थिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर बसलेले असतात आणि जॉब कुठवर आला हे बघायला दर मिनिटाला एंटर मारतात. त्यातल्या काहींनी तर एक उपाय शोधून काढला होता. एसडीएसएफमध्ये '&६०' लिहिलं की पडदा दर साठ सेकंदांनी आपोआप ताजा होतो. जेवायला जाताना ते हे लावून जायचे. सेशन जिवंत राहायचं. हळूहळू डेव्हलपरही तेच करू लागले होते. मला हा उपाय पहिल्या दिवसापासून खटकला. टीएसओची तासाची मर्यादा ज्यासाठी आहे, तिलाच तो निकामी करतो. रिकाम्या खुर्चीसमोर विमाधारकांच्या माहितीपर्यंत पोचणारं सेशन उघडं राहतं, आणि साठ जणांनी तो लावला तर मेनफ्रेमचा सीपीयू कोणी न बघणारे पडदे रंगवण्यात खर्च होतो. पण निदानासाठी त्याने फार मदत केली. जो वारंवार एंटर मारतो तो वाचतो, जो मारत नाही तो जातो.

ताईंच्या खुर्चीमागे

मी नेटवर्कच्या त्या मित्राला ताईंच्या जागेवर घेऊन आलो. लॅपटॉपवर त्यांच्या पीसीचं पॅकेट कॅप्चर, म्हणजे लाइनवरून जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्याची नोंद, चालू. कनेक्शन टीएलएसमधून, म्हणजे सांकेतिक रूपात झाकलेलं, ९९२ पोर्टवर होतं, त्यामुळे आतला मजकूर दिसणार नव्हता, पण पॅकेट कधी गेलं आणि केवढं होतं ते दिसत होतं.

ताईंनी एडिटमध्ये एका ओळीच्या क्रमांकावर 'आय२०' लिहिलं. वीस रिकाम्या ओळी उघडल्या. शेजारी कॉपीबुकची (प्रोग्रॅममधल्या डेटाच्या मांडणीची) छापील प्रत, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. त्यांनी लिहायला सुरुवात केली. एक ओळ, कीबोर्डवरची मोठी एंटर की, दुसरी ओळ, पुन्हा एंटर की. मध्येच थांबून कागदाकडे बघायच्या, बोटांवर काही मोजायच्या, पुन्हा लिहायच्या. पाच-सहा मिनिटं झाली. नेटवर्कवाला एकदा त्यांच्या हातांकडे बघायचा, एकदा लॅपटॉपकडे. कॅप्चरमध्ये एकही पॅकेट नव्हतं.

"मॅडम, तुम्ही एंटर दाबताय ना?"

"ही एंटर नाही, न्यूलाइन आहे," ताई म्हणाल्या. "एंटर ही." आणि त्यांनी उजव्या बाजूची कंट्रोल की दाबली. त्या क्षणी पॅकेट गेलं, आणि पाव सेकंदाने उत्तर आलं.

पीसीच्या आधी मेनफ्रेमवर काम करायला वापरायच्या त्या जुन्या ३२७० टर्मिनलच्या कीबोर्डवर एंटर की खाली उजवीकडे, स्पेसबारच्या ओळीत असे. आज पीसीवर जिथे एंटर आहे तिथे कर्सर पुढच्या ओळीवर नेणारी की असे. अनेक एम्युलेटर ही मांडणी तशीच ठेवतात, उजवं कंट्रोल म्हणजे एंटर. नवी मुलं पहिल्याच दिवशी ती बदलून घेतात. ताईंचा हात खऱ्या टर्मिनलवर बसलेला होता, त्यांनी ती कधी बदलली नाही. शिवाय त्या ४३ ओळींचा पडदा वापरायच्या, मॉडेल ४. बाकी बहुतेक जण २४ ओळींच्या मॉडेल २ वर होते. पडदा मोठा, म्हणून पान पुढे-मागे करण्यासाठी फंक्शन की दाबायची वेळही कमी. एका दमात अख्खा पॅरेग्राफ लिहून मगच तो पाठवायचा, ही त्यांची पद्धत. ज्यांना हे टर्मिनल सगळ्यात नीट वापरता येत होतं, त्यांचंच काम सगळ्यात जास्त बुडत होतं.

नेटवर्कवाल्याची चूक नव्हती. त्याचं सगळं आयुष्य युनिक्स आणि एसएसएचमध्ये गेलेलं. तिथे एक अक्षर दाबलं की ते अक्षर सर्व्हरला जातं, सर्व्हर ते परत पाठवतो, तेव्हा ते पडद्यावर उमटतं. ३२७० चं घराणं वेगळं. आयबीएमने १९७१ साली हे टर्मिनल आणलं तेव्हा एका मेनफ्रेमवर शेकडो लोक बसवायचे होते, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक अक्षरासाठी मशिनला दचकवणं परवडणारं नव्हतं. म्हणून पडदा हा एक फॉर्म मानला. मेनफ्रेम फॉर्म पाठवतो: कुठल्या जागा लिहिण्यासाठी मोकळ्या, कुठल्या बंद, कुठे लिहिलेलं दिसू नये, म्हणजे पासवर्ड. पडद्यावरच्या प्रत्येक फील्डच्या आधी एका अक्षराची जागा या माहितीने अडवलेली असते. पुढचं सगळं टर्मिनलच्या स्वतःच्या मेमरीत होतं. तुम्ही लिहा, खोडा, टॅब मारा, मेनफ्रेमला काहीही कळत नाही. एंटर किंवा पीएफ की (फंक्शन की) दाबली की मगच कोणती की दाबली त्याचा एक बाइट, कर्सरची जागा आणि बदललेली फील्ड, एवढंच एकत्र जातं. एम्युलेटर म्हणजे याच टर्मिनलचं वागणं पीसीवर हुबेहूब करणारा प्रोग्रॅम. आणि टीएन३२७० म्हणजे तो संवाद टेलनेट या दूरच्या संगणकावर काम करायच्या जुन्या पद्धतीच्या वाहनात बसवून टीसीपी-आयपीवरून, म्हणजे इंटरनेटच्या रीतीने, न्यायची रीत. त्याची आजची सुधारित आवृत्ती, टीएन३२७०ई, १९९८ च्या आरएफसी २३५५ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेली आहे.

म्हणून ताई चाळीस मिनिटं डोकं खपवून काम करत होत्या आणि लाइन चाळीस मिनिटं गप्प होती. मध्ये बसलेल्या, रहदारी तपासणाऱ्या आणि फार वेळ गप्प असलेलं कनेक्शन काढून टाकणाऱ्या फायरवॉलला ही शांतता आणि मेलेलं कनेक्शन यांतला फरक कळण्याची सोयच नव्हती.

किती वेळ गप्प राहिलं की वाट बंद होते

आता अंदाज होता, पुरावा हवा होता. टीएसओचा संशय पूर्ण काढून टाकायचा म्हणून लॉगइनच केलं नाही. एम्युलेटरच्या सहा खिडक्या उघडल्या आणि सगळ्या पहिल्याच पडद्यावर ठेवल्या, जिथे कंपनीचं नाव असतं आणि 'लॉगऑन' लिहायची वाट बघत कर्सर असतो. तिथे युजरआयडी नाही, तासाची मर्यादा नाही. मग एकेका खिडकीत वेगवेगळ्या वेळी एंटर दाबलं: १०, २०, २५, २९, ३१ आणि ३५ मिनिटांनी.

पहिल्या चारांनी उत्तर दिलं. ३१ आणि ३५ वाल्या गोठल्या.

कॅप्चरमध्ये त्या दोन्हींचं चित्र सारखं होतं. आमचं पॅकेट गेलं, पोच नाही. तेच पॅकेट पुन्हा गेलं, मग आणखी थांबून पुन्हा, प्रत्येक वेळी अंतर वाढत गेलं, शेवटी पीसीने नाद सोडला. पलीकडून नकार आला असता तर एम्युलेटरला लगेच कळलं असतं. इथे पॅकेट नुसतंच गिळलं जात होतं. बरोबर तीस मिनिटं म्हणजे बिघाड नव्हे, कोणीतरी लिहून ठेवलेला आकडा. नेटवर्कवाल्याने त्या रात्री पलीकडच्या टीमशी बोलून तो शोधून दिला. डेटा सेंटरच्या तोंडाशी असलेल्या फायरवॉलवर टीसीपी कनेक्शनची शांततेची मर्यादा काही महिन्यांपूर्वी तीस मिनिटांवर आणली होती. वेबच्या रहदारीसाठी ती सढळच होती. ती लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ३२७० चं सेशन असण्याचं काही कारण नव्हतं.

उपाय

सगळ्यांना सुचलेला पहिला उपाय म्हणजे ही मर्यादा आठ तास करा. सुरक्षेच्या टीमने नाही म्हटलं, आणि मला ते पटलं. फायरवॉलच्या तक्त्यातल्या जागा मोजक्या असतात, आणि मर्यादा वाढवली असती तरी अर्ध्या उघड्या कनेक्शनचा प्रश्न तसाच राहिला असता. ज्याचा लॅपटॉप खरंच बंद पडला, त्याचा आयडी मेनफ्रेमवर तासभर अडकूनच राहिला असता.

दुसरा उपाय एम्युलेटरमध्ये होता. टेलनेटमध्ये 'काही करू नकोस' एवढंच सांगणारी दोन बाइटची आज्ञा आहे, एफएफ एफ१. बऱ्याच एम्युलेटरमध्ये ती ठरावीक वेळाने पाठवायची सोय असते, एक्स३२७० या एम्युलेटरमध्येही आहे. (एफ१ हा बाइट या जगात फार कामसू आहे. टेलनेटसाठी तो ही आज्ञा, एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात) १ हा अंक, आणि ३२७० च्या संवादात पीएफ१ की. पहिल्यांदा ट्रेस, म्हणजे बाइटची नोंद, वाचणारा इथे हमखास अडखळतो. त्याच्या आधी एफएफ आहे का, हे बघायचं.) आम्ही ही सोय ताईंच्या आणि आणखी चार जणांच्या पीसीवर लावली. त्यांचं सेशन जाणं त्याच दिवशी थांबलं. पण ही आज्ञा एकतर्फी आहे. तिला उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळे पीसी मेला तर मेनफ्रेमला तरीही कळत नाही. आणि साठ पीसींवर ती सेटिंग कायम राहील याची खात्री कोण देणार?

खरा उपाय मेनफ्रेमच्या टेलनेट सर्व्हरमध्ये होता, आणि तो तिथे पहिल्यापासूनच होता. झेड-ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टीएन३२७० सर्व्हरला टाइममार्क आणि स्कॅनइंटरव्हल नावाचे दोन पॅरामीटर आहेत. सर्व्हर दर स्कॅनइंटरव्हलला सगळ्या कनेक्शनची यादी तपासतो. जे टाइममार्कपेक्षा जास्त वेळ गप्प असेल त्याला तीन बाइट पाठवतो: एफएफ एफडी ०६, म्हणजे 'टायमिंग मार्क दे'. पलीकडचा एम्युलेटर होय म्हणो वा नाही म्हणो, दोन्ही चालतं. उत्तर आलं याचा अर्थ तो जिवंत आहे. पुढच्या तपासणीपर्यंत उत्तरच आलं नाही, तर सर्व्हर ते कनेक्शन बंद करतो. एकाच प्रश्नाने दोन कामं होतात. वाट उघडी राहते आणि मेलेली सेशन झाडली जातात.

त्या सिस्टिमवर टाइममार्क इतका मोठा ठेवलेला होता की फायरवॉल त्याच्या कितीतरी आधीच दार लावून घ्यायचा. आम्ही ६०० सेकंद टाइममार्क आणि १२० सेकंद स्कॅनइंटरव्हल सुचवलं. सुरक्षेच्या टीमने रास्त प्रश्न विचारला की ही सुद्धा '&६०' सारखीच पळवाट नाही का. नाही, कारण ही विचारपूस टेलनेटच्या थरात होते, टीएसओपर्यंत पोचतच नाही. टीएसओच्या दृष्टीने माणूस गप्प तो गप्पच, आणि तासाभराने एस५२२ पूर्वीसारखाच होतो. आम्ही उलट असं मागितलं की '&६०' लावून जाणं आमच्या टीममध्ये लेखी बंद करावं, आणि ते केलं.

सोबत आणखी एक गोष्ट मागून घेतली. कनेक्शन तुटल्याचं मेनफ्रेमला कळल्यावर टीएसओ ते सेशन लगेच संपवत नाही, रिकॉनलिम या पॅरामीटरने ठरवलेली काही मिनिटं परत जोडून घ्यायला वाट बघतो. आजवर मेनफ्रेमला तुटल्याचं कळतच नव्हतं, त्यामुळे ही सोय आम्हाला कधी उपयोगीच पडली नव्हती. ती मर्यादा पंधरा मिनिटं करून घेतली.

बदल एका रविवारी झाला. सोमवारी ऑपरेटरला गेलेले फोन: शून्य. तो आठवडाभर तसाच राहिला.

दोन महिन्यांनी पावसाळ्यात एका दुपारी खरोखरच लाइन गेली. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, आणि पर्यायी लाइनवर यायला पंचवीस मिनिटं लागली. ताईंनी लॉगऑनचा पडदा उघडला, पासवर्ड टाकला, टॅब मारत खाली 'रिकनेक्ट'पर्यंत गेल्या, त्याच्यासमोर 'एस' लिहिलं आणि उजवं कंट्रोल दाबलं. एडिटचा पडदा परत आला, जिथे सोडला होता तिथेच, कर्सरसकट. शेवटच्या एंटरनंतर लिहिलेल्या दोन ओळी तेवढ्या नव्हत्या. त्या त्यांनी कागदाकडे बघून पुन्हा लिहिल्या.